जुन्या तलावासाठी दोन डब्यांचा इपॉक्सी रंग: कुठे टिकतो, कुठे सोलतो

परसातला काँक्रीटचा जुना स्विमिंग पूल पुन्हा वापरात आणायचा, तर रंग कोणता हा प्रश्न येतोच. बाजारात मुख्यतः तीन पर्याय मिळतात: अ‍ॅक्रिलिक, क्लोरिनेटेड रबर आणि बेस (मूळ रंग) आणि हार्डनर (त्याला कडक करणारा द्रव) अशा दोन डब्यांत येणारा इपॉक्सी. आमचं मत स्पष्ट आहे, इपॉक्सीच घ्यावा. अ‍ॅक्रिलिक साधारण दोन-तीन वर्षांत उडतो, क्लोरिनेटेड रबर तीन ते पाच वर्षं जातो, आणि नीट लावलेला इपॉक्सी सात ते दहा वर्षं निघतो. पण हा रंग चुका पोटात घालत नाही. थोड्या ओलसर भिंतीवर अ‍ॅक्रिलिक एक वेळ धकून जाईल, इपॉक्सीला मात्र त्याच भिंतीवर फोड येतील आणि फोडाखालून पोपडे सुटतील.

डबा विकत घेण्याआधी जुना रंग कोणता आहे ते तपासावं. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून रंगावर मिनिटभर घासा. रंग बोळ्याला लागला तर तो अ‍ॅक्रिलिक. स्पिरिटने काही झालं नाही तर दुसरा बोळा झायलीनचा (रंग विरघळवणाऱ्या एका द्रवाचा) घ्या. आता रंग मऊ पडून चिकट झाला तर तो क्लोरिनेटेड रबर. दोन्हींना दाद देत नसेल तर बहुधा इपॉक्सीच आहे, आणि तो घट्ट असेल तर ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडून त्यावर नवा हात देता येतो. रबर किंवा अ‍ॅक्रिलिकवर मात्र इपॉक्सी कधीही चढवू नये. इपॉक्सीतलं सॉल्व्हंट (विरघळवणारा द्रव) खालचा थर फुगवतं आणि दोन्ही थर एकदमच सुटतात. तो रंग पूर्ण काढावाच लागतो, सँडब्लास्टिंगने किंवा जोरदार दाबाच्या पाण्याने.

इपॉक्सी गळती थांबवत नाही. डब्यावर ‘वॉटरप्रूफ’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असलं तरी हलणाऱ्या भेगेवर तो भेगेबरोबरच फाटतो. म्हणून तलाव रिकामा करण्यापूर्वी बादलीची चाचणी करून घ्यावी. पायरीवर बादली ठेवून तलावाच्या पातळीइतकी भरायची, दोन्हीकडे खूण करायची आणि पंप बंद ठेवून २४ तासांनी पाहायचं. बादलीपेक्षा तलाव जास्त उतरला असेल तर गळती आहे. पंप चालू ठेवून पुन्हा तीच चाचणी केली आणि पाणी आणखी झपाट्याने उतरलं, तर संशय पाइपांवर घ्यावा. पाणी एखाद्या पातळीला येऊन थांबत असेल तर गळती त्याच उंचीवर शोधावी: स्किमरचा (पृष्ठभागावरचा कचरा ओढणाऱ्या तोंडाचा) सांधा, दिव्याची खोबण, इनलेटची (पाणी परत आत येतं त्या तोंडाची) कड.

रिकामं करतानाचा धोका रंगाच्या डब्यावर कुणी लिहीत नाही. जमिनीतलं पाणी वर असेल तर रिकामा तलाव होडीसारखा उचलला जातो आणि तळ फुटतो. पावसाळ्यात किंवा पावसाळा संपल्यासंपल्या तलाव रिकामा करूच नये. तळाच्या मुख्य ड्रेनमध्ये हायड्रोस्टॅटिक व्हॉल्व्ह (जमिनीतलं पाणी आत येऊ देऊन खालचा दाब कमी करणारी झडप) असेल तर तो मोकळा आहे ना, ते आधी बघावं.

तळ कोरडा झाला की छोटी हातोडी घेऊन हातभर अंतराने सगळा गिलावा ठोकून पाहावा. घट्ट गिलाव्यावर हातोडी टणकन वाजते, सुटलेल्या जागी आवाज भद्द येतो. अशा जागेभोवती खडूने खूण करून छिन्नीने पक्क्या गिलाव्यापर्यंत उकरावं. न हलणारी भेग १० ते १२ मिलिमीटर रुंद-खोल उकरून इपॉक्सी मॉर्टरने भरावी, हलणारी असेल तर पॉलियुरेथेन सीलंट (लवचीक भरण) वापरावं. दुरुस्ती साध्या सिमेंटने केली तर तिला २८ दिवस मुरू द्यावं लागतं. इपॉक्सी मॉर्टर महाग पडतो, पण ते चार आठवडे वाचतात.

उघड्या गिलाव्याला अ‍ॅसिडचा हात द्यावाच लागतो. एक भाग म्युरिअ‍ॅटिक अ‍ॅसिड (म्हणजे हायड्रोक्लोरिक) आणि तीन भाग पाणी पुरतं. आधी पाणी, मग त्यात अ‍ॅसिड. उलट केलं तर मिश्रण उसळून अंगावर येतं. रबरी हातमोजे, गॉगल आणि अ‍ॅसिडच्या वाफेचा मास्क हवाच, कारण ही वाफ हवेपेक्षा जड असते आणि खोल टोकाला साचून राहते. फेस शमला की धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने जागा उदासीन करून भरपूर पाण्याने धुवावी. नंतर बोटाला गिलावा बारीक पॉलिश पेपरसारखा लागायला हवा आणि पाण्याचा थेंब टाकताच शोषला जायला हवा. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर तिथे तेलकटपणा आहे, ती जागा पुन्हा धुवावी.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि फोड येतात ते इथूनच. ४५ सेंटिमीटर चौरस जाड प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीने तळाला घट्ट लावा आणि किमान १६ तास तसंच ठेवा. उघडल्यावर आतून दव दिसलं किंवा काँक्रीट काळपट पडलेलं असेल तर रंग लावायचा नाही. खोल टोकाला आणि सावलीतल्या भिंतीवर ही चाचणी स्वतंत्र करावी. उथळ टोक वाळलं म्हणजे खोल टोक वाळलंच असं नसतं.

रंग किती लागेल, तर ८ बाय ४ मीटर आणि सरासरी १.५ मीटर खोल तलावाचा तळ ३२ चौरस मीटर, भिंती ३६, एकूण ६८. ओला थर १२५ मायक्रॉनचा (मिलिमीटरचा आठवा भाग) धरला तर एका लिटरमध्ये ८ चौरस मीटर होतात, म्हणजे एका हाताला साडेआठ लिटर. जुना गिलावा पहिल्या हाताला तिसरा हिस्सा तरी जास्त पितो, तेव्हा दोन हातांना २१ लिटर धरावेत.

मिश्रण नेहमी पूर्ण किटचंच करावं. अंदाजाने अर्धं हार्डनर घातलं की एखादा पट्टा कायमचा चिकट राहतो. डब्याच्या कडा आणि बूड खरवडत, ड्रिल हळू फिरवून तीन ते पाच मिनिटं ढवळावं, मग लेबलवर दिली असेल तेवढी विश्रांती द्यावी. कंपन्या मिश्रणाचं आयुष्य, म्हणजे कालवल्यावर ते किती वेळ वापरता येतं, बहुधा २५ अंशांचं छापतात. तापमान १० अंशांनी वाढलं की ते साधारण निम्म्यावर येतं, आणि हे लेबलवर ठळक असायला हवं. कालवलेला रंग बादलीत राहू दिला तर स्वतःच्याच उष्णतेने तापून घट्ट होतो. तो लगेच पसरट ट्रेमध्ये ओतला की कामाला जास्त वेळ मिळतो. स्वस्त फोमचा रोलर सॉल्व्हंटमध्ये विरघळून त्याचे तुकडे भिंतीला चिकटतात, तेव्हा सॉल्व्हंट सोसणारा लोकरी रोलर घ्यावा.

आधी भिंती, मग खोल टोकाकडून पायऱ्यांकडे तळ. सकाळचं दव पूर्ण उडाल्यावर सुरुवात करावी आणि दुपार कलायच्या आत थांबावं. संध्याकाळची दमट हवा लागली की पृष्ठभागावर पांढुरकी, मेणचट साय येते. ती कोमट साबणाच्या पाण्याने पुसून, धुऊन, वाळवल्याशिवाय दुसरा हात धरत नाही. दोन हातांमधल्या अंतराची मर्यादा लेबलवर असते. ती उलटली तर पुन्हा पॉलिश पेपर मारण्याला पर्याय नाही. पायऱ्यांवरच्या शेवटच्या हातात बारीक सिलिका वाळू मिसळावी, कारण ओला इपॉक्सी फार निसरडा असतो आणि ही या रंगाची खरी उणीव आहे. दुसरी उणीव म्हणजे ऊन लागलं की तो खडूसारखा भुकटतो. गडद निळ्यावर ते लगेच दिसतं, म्हणून फिकट रंग निवडावा.

पाणी भरण्यापूर्वी कोरड्या, उबदार हवेत सात दिवस, गारठ्यात त्याहून जास्त. मध्येच पाऊस पडला तर तळाचं डबकं लगेच टिपून घ्यावं, नाहीतर डाग कायमचा राहतो. भरायला सुरुवात केली की थांबू नये, थांबलात तर त्या पातळीला रेघ उमटते. पीएच ७.२ ते ७.६, क्षारता ८० ते १२० पीपीएम (दहा लाखांत तितके भाग), कॅल्शियम कठीणता २०० ते ४०० पीपीएम आणि मुक्त क्लोरीन १ ते ३ पीपीएम ठेवावं. क्लोरीनची गोळी किंवा दाणे थेट तळावर पडू देऊ नयेत. बादलीत विरघळवून पंप चालू असताना इनलेटपाशी ओतावेत. जिथे दाणा पडून राहतो तिथे रंग विटून पांढरा ठिपका पडतो.