महिनोन्‌महिने प्लगला लावून ठेवलेली इलेक्ट्रिक गाडी: मुंबईतल्या बेसमेंटमधला अनुभव

'गाडी चार्जरला लावूनच जा, काही होत नाही.' जहाजावर चार-सहा महिने जाणाऱ्यांना आणि मुलांकडे परदेशी निघालेल्यांना हा सल्ला हमखास मिळतो. गाडी चालवणाऱ्या मोठ्या बॅटरीपुरता, चार्जची मर्यादा ठरवता येत असेल तर, तो बऱ्यापैकी खरा आहे. त्रास देते ती बॉनेटखालची बारा व्होल्टची बॅटरी, आणि चार्जर लावून ठेवल्याने ती वाचेलच असं नाही. हे मत बनलं ते एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेलच्या देशी गाडीवरून. गाडी सोसायटीच्या बेसमेंटमध्ये, १५ अँपियरच्या सॉकेटवर होती आणि मधे अख्खा पावसाळा गेला.

हा सल्ला मुळात टेस्लावाल्यांचा. टेस्लाची पुस्तिका गाडी वापरात नसताना प्लगला ठेवायला सांगते, कारण उभी गाडी दिवसाला साधारण एक टक्का खाते आणि चार्जची मर्यादा ठरवून देता येते. बीकेसीत २०२५ मध्ये शोरूम उघडल्यापासून तोच मंत्र सगळ्या गाड्यांना लावला जातो. आपल्याकडच्या कित्येक गाड्या झोपल्यावर महिन्याला एक-दोन टक्केच खातात. त्यांना महिनोन्‌महिने वीज जोडून ठेवायची गरजच नसते.

आता ती छोटी बॅटरी. कुलूप, अलार्म, सिमकार्डचं मॉड्यूल, बीएमएस (मोठ्या बॅटरीवर लक्ष ठेवणारी यंत्रणा) हे सगळं तिच्यावर चालतं. झोपलेली गाडी ३० मिलिअँपियर ओढते असं धरलं तर दिवसाला ०.७२ अँपियर-तास. बॅटरी ४० अँपियर-तासांची असेल तर चार आठवड्यांत निम्मी होते. त्यात बेसमेंटमध्ये नेटवर्क नसलं की मॉड्यूल सिग्नल शोधत राहतं आणि खप वाढतो. अ‍ॅप उघडून 'गाडी कशी आहे' बघण्याची हौसही महागात पडते, कारण दर वेळी गाडी जागी होते. काही मॉडेल मोठ्या बॅटरीतून छोटीला आपोआप भरतात, काही फक्त चार्जिंग चालू असताना. काहींत तर चार्जरची गन (गाडीत खुपसायचं टोक) लागलेली असेल तर गाडी पूर्ण झोपतच नाही, आणि बारा व्होल्ट उलट लवकर उतरते. तुमची गाडी यातली कुठली, हे निघण्याआधी बघायचं. पुस्तिकेत नसेल तर गाडी लॉक करून मल्टिमीटरने मोजावं: पूर्ण भरलेली लेड-अ‍ॅसिड १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली गेली की तिचं आयुष्य कमी होत चाललं. गन लावून आठवडाभर आणि गन काढून आठवडाभर असं दोनदा मोजलं की उत्तर मिळतं.

म्हणून प्लगला लावायचंच असेल तर छोट्या बॅटरीला लावा. एक-दोन अँपियरचा फ्लोट चार्जर घ्यावा, जो भरल्यावर १३.५ ते १३.८ व्होल्टवर थांबतो. लाल क्लिप पॉझिटिव्हला, काळी बॉडीच्या अर्थ पॉइंटला, आणि वायर बॉनेटच्या रबराखालून चेपली न जाईल अशी बाहेर. छोटी बॅटरी लिथियमची असेल (नव्या टेस्लांत असते) तर लेड-अ‍ॅसिडचा चार्जर लावू नये.

फ्लोट चार्जर नको असेल तर दर पंधरवड्याला कुणाला तरी गाडी 'रेडी'वर तासभर चालू ठेवायला सांगावं. मग डीसी-डीसी कन्व्हर्टर मोठ्या बॅटरीतून छोटीला भरतो. अर्धा तास पुरत नाही: पंधरा दिवसांत अकरा अँपियर-तास गेलेले असतात आणि अर्ध्या तासात जेमतेम पाच परत येतात. सोबत एसी चालवला तर आतला दमटपणाही जातो. निगेटिव्ह टर्मिनल १० नंबरच्या पान्याने काढून ठेवायचा उपायही आहे, पण मग बीएमएस आंधळं होतं आणि चार्जिंग बंद. शिवाय दार उघडायला रिमोट फोबमधली पात्याची चावी लागते. ती बाहेर राहिली पाहिजे, डॅशबोर्डच्या खणात नव्हे.

मोठी बॅटरी ५० ते ६० टक्क्यांवर सोडावी. नेक्सॉन, विंडसर यांच्यासारख्या एलएफपी गाड्यांबद्दल 'हिला शंभर टक्के चालतं' असं म्हणतात, पण पूर्ण चार्ज ही टक्केवारी जुळवण्यासाठी आणि सेल समतोल करण्यासाठी अधूनमधून करायची गोष्ट आहे. मुंबईच्या तीस-बत्तीस अंशांत महिनोन्‌महिने शंभरावर ठेवली तर तीही झिजते, एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) सेलची तर अधिक. ज्या गाडीत मर्यादा ठरवता येत नाही तिच्यात गन लावून ठेवली की ती शंभरावरच जाऊन बसते. तिथे सरळ गन काढा. ३.३ किलोवॉटच्या चार्जरने ३० युनिटची बॅटरी २० वरून ६० वर न्यायला चार तास पुरतात, मीटरवर तेरा-चौदा युनिट पडतात.

मर्यादा आहे आणि गन ठेवायचीच आहे, तर वायरिंगकडे बघा. खारी हवा पितळेच्या पिनांना हिरवी करते. तिथे ०.१ ओहम जरी रोध वाढला तरी १४ अँपियरला वीसेक वॉट उष्णता त्या एका टोकावर साठते आणि सॉकेट करपतो. चार्जिंग सुरू करून अर्ध्या तासाने प्लग टॉपला हात लावा. कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर सॉकेट बदला. घरगुतीऐवजी निळा इंडस्ट्रियल १६ अँपियरचा बसवा. आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) ३० मिलिअँपियरचा, किमान टाइप ए, कारण स्वस्त टाइप एसी डीसी गळतीने आंधळा होऊ शकतो. उघड्या जंक्शन बॉक्समध्ये ओल गेली की पावसाळ्यात हाच आरसीसीबी वारंवार पडतो आणि मालक परदेशात असताना तो वर करणारा कुणी नसतो. १२ ऑक्टोबर २०२० सारखी शहरभराची वीज गेल्यावर काही गाड्या आपोआप पुन्हा चार्ज घेतात, काही नाही. तेही आधी मेन स्विच पाडून तपासता येतं.

पिट पार्किंगमध्ये (गाडी खड्ड्यात उतरवतात तिथे) किंवा पाणी तुंबणाऱ्या बेसमेंटमध्ये जून ते सप्टेंबर गाडी सोडूच नये. बॅटरीच्या आयपी ६७ या पाणीरोधक दर्जाची हमी एक मीटर पाण्यात ३० मिनिटांची असते, २६ जुलै २००५ सारख्या दिवसाची नव्हे. पोर्टेबल चार्जरचा ठोकळाही जमिनीवर न ठेवता भिंतीला छातीएवढ्या उंचीवर टांगावा.

टायरमध्ये दारावरच्या स्टिकरपेक्षा तीन-चार पीएसआय जास्त हवा. जमीन सपाट असेल आणि पुस्तिका परवानगी देत असेल तर हँडब्रेक सोडून चाकांना अडण्या लावाव्यात, नाहीतर पॅड डिस्कला चिकटतात. प्लास्टिकचं कव्हर घालू नये, आत बुरशी धरते. आणि घुशी! भगवी हाय व्होल्टेज केबल कुरतडलेली दिसली तर गाडी सुरूच करायची नाही, टो करून न्यायची.

परतल्यावर आधी छोटीचा व्होल्टेज मोजावा. ती मेली असेल तर गन पोर्टमध्ये अडकून बसू शकते, म्हणून हाताने सोडवायची दोरी कुठे आहे ते माहीत हवं. मग एलएफपी असेल तर मंद चार्जरने शंभर टक्के करून दोन तास गन तशीच ठेवावी. डॅशबोर्डवरच्या टक्केवारीची चुकीची उडी तिथेच सरळ होते. रिजनमुळे (वेग मोटरच कमी करते, पॅड फारसे घासत नाहीत) डिस्कवरचा गंज आपोआप उतरत नाही, म्हणून रिकाम्या रस्त्यावर ताशी ४० वरून चार-पाच वेळा दाबून ब्रेक मारावा. उभं राहून एका जागी चपट्या झालेल्या टायरचा ठोका वीसेक किलोमीटरमध्ये जातो. नाही गेला तर टायरवाल्याकडे दाखवा.