जीमेल, आउटलुक, झोहो की प्रोटॉन? बेळगावच्या छोट्या कारखान्यासाठी

उद्यमबाग, मच्छे किंवा निपाणीकडचा कारखानदार ईमेल निवडताना काय मिळतंय ते बघतो. माझा आग्रह आहे की काय दिलेलं नाही आणि ते का, हे आधी बघा. काही सोयी तंत्रामुळेच देता येत नाहीत. त्यांच्यासाठी सेवा बदलून उपयोग नाही. काही मात्र पैशाच्या प्लॅनसाठी राखून ठेवलेल्या असतात.

पाठवलेला मेल परत घेता यावा, ही मागणी पहिल्या जातीची. कोटेशनमध्ये कास्टिंगचा दर किलोमागे दहा रुपयांनी कमी पडला आणि सेंड दाबलं गेलं, की पोटात गोळा येतो. जीमेलचं 'अनडू' मुळात पाच सेकंदांचं, सेटिंगमध्ये जाऊन फार तर 30 करता येतं. तेवढा वेळ मेल निघालेलाच नसतो, थोपवून धरलेला असतो. पुण्याच्या पार्टीच्या सर्व्हरवर उतरला की तो त्यांचा झाला. सेटिंग आजच 30 वर करून ठेवा.

जीमेल आणि आउटलुक यांत खरा फरक जागेचा. जीमेलचे फुकटातले 15 जीबी ड्राइव्ह आणि फोटोंसह मिळून असतात. आउटलुकचा मेलबॉक्सही 15 जीबीचा, पण 2023 पासून अटॅचमेंट वेगळ्या 5 जीबीत मोजल्या जातात आणि तो कोटा ओलांडला की मेलची ये-जा अडते. रोज ड्रॉइंग येणाऱ्या फौंड्रीला हे परवडणारं नाही. एरवी आउटलुकची एक सोय मला फार आवडते : इनबॉक्स साईझप्रमाणे किंवा नावाप्रमाणे एका क्लिकवर लागतो. जीमेलची मांडणीच सर्चवर उभी असल्यामुळे तिथं अट घालून शोधावं लागतं. त्याबदल्यात लेबलं मिळतात, म्हणजे एकच बिल 'जीएसटी'तही दिसतं आणि 'कस्टमर'मध्येही.

कारखान्याच्या नावाचं डोमेन असेल तर चेन्नईच्या झोहोकडे पाच जणांपर्यंत फुकट प्लॅन आहे. जीमेलवर त्यासाठी पैसे मोजावे लागतात. झोहोनं फुकटात आयमॅप, म्हणजे बाहेरच्या मेल प्रोग्रॅमला खातं जोडायची सोय, ठेवलेलं नाही, त्यामुळे कॉम्प्युटरवरच्या थंडरबर्डसारख्या प्रोग्रॅममध्ये मेल बघता येत नाही. ही दुसऱ्या जातीची उणीव. ब्राउझर आणि मोबाइल ॲपवर भागत असेल तर झोहोच घ्या, असं मी स्पष्ट सांगेन.

प्रोटॉन वकिलांच्या कामाचं. साठवलेल्या मेलचा मजकूर त्यांच्या सर्व्हरलाही वाचता येत नाही, म्हणूनच तिथला मजकुरातला सर्च कच्चा : शोधण्यासाठी लागणारी शब्दांची यादी तुमच्याच कॉम्प्युटरवर बनवावी लागते.

देवनागरी पत्ता मिळावा, असं आपल्या भागात मनापासून वाटतं, मलाही वाटतं. जीमेल 2014 पासून अशा पत्त्यांशी देवघेव करतं, स्वतः मात्र तो काढून देत नाही. वाटेतल्या प्रत्येक सर्व्हरनं तो स्वीकारावा लागतो आणि कित्येक वेबसाइटचे फॉर्म अजून घेत नाहीत. ही मागणी लावून धरलीच पाहिजे. तोवर जीमेलचे मेन्यू मराठीत करून घ्या. अकाउंटंट कन्नड वाचणारा असेल तर त्याच्या खात्यात कन्नड ठेवता येतं.