आधी तपासतात, मग फॉरमॅट मारतात: लॅमिंग्टन रोडवरचं कॉम्प्युटर रिपेअरिंग

चार स्टार देतोय, पाचवा का कापला ते खाली येईलच. आमच्या सोसायटीच्या ऑफिसचा कॉम्प्युटर इथे आणला होता, मी खजिनदार असल्यामुळे ही हमाली माझ्याच गळ्यात, आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला कॉम्प्युटरची इतकी दुकानं आहेत की नेमकं कुठल्या जिन्याने वर जायचं हेच कळत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्रॉब्लेम असा होता की विंडोज अपडेटला क्लिक केलं की लगेच एरर, कोडच्या शेवटी ८००७०४२२. त्यात स्क्रीनच्या कोपऱ्यात सारखे पॉप-अप, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस आहेत, ताबडतोब इथे क्लिक करा वगैरे. आमच्या ऑफिसातल्या ताई घाबरून मॉनिटरच बंद करून ठेवायच्या. आणि गंमत म्हणजे डिफेंडरने, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटीव्हायरसने, स्कॅन मारला की सगळं छान, काही सापडलं नाही. याच मशीनवर मेंटेनन्सची बिलं, टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर), नॉमिनेशनचं रजिस्टर आणि वर सोसायटीचं नेटबँकिंग पण इथूनच, त्यामुळे चालतंय ना मग चालू दे म्हणायची सोय नव्हती. कमिटीत दोन पार्ट्या झाल्या, एक म्हणे व्हायरस आहे, दुसरी म्हणे मशीन जुनं झालं नवीन घ्या (हे नवीन घ्या म्हणणारे सिंकिंग फंडाचा, म्हणजे मोठ्या खर्चासाठी बाजूला ठेवायच्या पैशांचा, विषय निघाला की पाणी प्यायला उठतात).

घराजवळच्या एकाला आधी फोन केला होता. त्याने मशीन बघितलंसुद्धा नाही, फोनवरच निकाल, फॉरमॅट मारूया साहेब, विंडोज टाकून देतो सगळ्या सॉफ्टवेअरसकट, संध्याकाळी घेऊन जा. सगळ्या सॉफ्टवेअरसकट म्हणजे चोरीचं, ते आपल्या सगळ्यांना माहितीये.

इथे काउंटरवर जो मुलगा होता त्याचा पहिला प्रश्न, काका बॅकअप आहे का, आणि दुसरा, याच्यावरून बँकिंग करता का. नुसतं तपासायचे ५०० रुपये, काम त्यांच्याकडेच दिलं तर बिलातून वजा. समोर उभं राहून बघू देतात हे मला सगळ्यात आवडलं, मशीन आत नेऊन पडदा ओढत नाहीत.

त्या एररचा अर्थ त्याने कोड बघूनच सांगितला, अपडेटची सर्व्हिस, म्हणजे मागे चालणारा प्रोग्राम, कोणीतरी डिसेबल केलीये. सर्व्हिसेसमध्ये जाऊन चालू केली, रिस्टार्ट केलं, परत डिसेबल. "काका, हे आपोआप होत नाही, मागून कोणीतरी बंद करतंय." मग टास्क शेड्युलर (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी) उघडला तर त्यात एक टास्क, मशीन चालू झालं की धावणारं, आणि तिथून माग काढत गेला तर विंडोज फुकटात ॲक्टिव्हेट करणारं टूल निघालं. आधीच्या कमिटीच्या काळात कोणीतरी फॉरमॅट मारून गेला होता त्याची ही कृपा. होस्ट्स नावाची एक फाइल असते, सिस्टम ३२ च्या आत, ड्रायव्हर्स, त्यात ईटीसी, ती नोटपॅडमध्ये उघडून दाखवली, त्यात मायक्रोसॉफ्टच्या आणि अँटीव्हायरसवाल्यांच्या साइट्सची नावं टाकून सगळ्या परत आपल्याच मशीनकडे वळवलेल्या. म्हणजे सर्व्हिस चालू राहिली असती तरी अपडेटला जायला रस्ताच नव्हता.

आणि स्कॅन क्लीन का यायचा? डिफेंडरच्या एक्सक्लुजनमध्ये, म्हणजे तपासू नको अशा यादीत, अख्खी सी ड्राइव्ह टाकून ठेवलेली! वॉचमनला सांगायचं ए विंगकडे बघूच नकोस आणि मग रोज सकाळी विचारायचं, काय रे चोर आला होता का. क्रॅक, म्हणजे असलं फुकट ॲक्टिव्हेट करणारं, टाकताना ते टूलच सांगतं की आधी अँटीव्हायरस बंद करा, ॲडमिन परमिशन द्या, आणि लोक देतात, मग पाठोपाठ अजून काय काय आत आलं ते कोण बघणार. एक्सक्लुजन काढून त्याने डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन लावला, म्हणजे मशीन रिस्टार्ट होऊन विंडोज सुरू व्हायच्या आधीच तपासणी होते, साधारण पंधरा मिनिटांचं काम, लपून बसलेलं असेल तर त्यात पकडलं जाण्याची शक्यता जास्त. त्यात ट्रोजन (साध्या प्रोग्रामच्या वेषात आत शिरणारा व्हायरस) सापडला, ब्राउजरमधले सेव्ह केलेले पासवर्ड उचलणाऱ्या जातीचा.

पॉप-अपचा मात्र या सगळ्याशी काही संबंध नव्हता, हे ऐकून मी उडालोच. कुठल्यातरी साइटने नोटिफिकेशन दाखवू का विचारलं असणार आणि कोणीतरी अलाऊ दाबलं असणार, बस. क्रोमच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनमधून ती साइट उडवली की पॉप-अप बंद. म्हणजे आम्ही ज्याला घाबरत होतो ते नुसतं भुंकणारं होतं आणि चावणारं गपचूप आत बसलेलं.

आता इथे कोणी म्हणेल, शेवटी फॉरमॅटच केला ना? हो केला. पण माझ्या आधी ज्या बाईंचा लॅपटॉप होता त्यांचंही अपडेट अडकत होतं, रिस्टार्टला जाऊन परत मागे फिरायचं, त्यांचा फॉरमॅट नाही मारला. उतरवलेले अपडेट जिथे साठतात त्या सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्युशन फोल्डरचं नाव बदललं म्हणजे विंडोज नवीन बनवून अपडेट परत डाउनलोड करतं, मग विंडोजच्या स्वतःच्या दुरुस्तीच्या दोन कमांड, आधी डिझमची रिस्टोर हेल्थवाली आणि तिच्यानंतर एसएफसी स्कॅननाऊ, कारण एसएफसी ज्या स्टोअरमधून फाइली उचलते तेच खराब असेल तर ती दुरुस्त काय करणार. डिझम मध्येच एका टक्क्यावर बराच वेळ थांबली, त्या बाई म्हणाल्या अडकलं वाटतं बंद करा, हा म्हणाला हात लावू नका. झालं त्यांचं, घेऊन गेल्या. आमच्या बाबतीत तो म्हणाला हेच सगळं करून अपडेट चालू करून देऊ शकतो, पण पासवर्ड चोरणारं आत राहून गेलंय म्हटल्यावर या विंडोजवर मी स्वतः बँकिंग करणार नाही, तुम्ही ठरवा. मला हे उत्तर पटलं.

आधी डेटा वेगळ्या डिस्कवर काढला, दुसऱ्या मशीनवर स्कॅन केला, फक्त कागदपत्रं आणि टॅलीचा डेटा, एकही सेटअप फाइल परत घेतली नाही. विंडोज मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून ताजं उतरवलं, ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर. लायसन्सचे किती म्हटलं तर शून्य! ब्रँडेड मशीन आहे, कंपनीने दिलेल्या होम एडिशनची की मदरबोर्डच्या बायोसमध्येच (विंडोजच्या आधी चालणारं मशीनचं मूळ सॉफ्टवेअर) असते, क्रॅकवाल्याने तिच्या डोक्यावर चोरीचं प्रो बसवलं होतं. होम टाकलं, नेटला जोडलं, आपोआप ॲक्टिव्हेट. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून थेट ११ टाकलं, प्रोसेसर आठव्या पिढीचा असल्याने बसलं, फक्त टीपीएम, म्हणजे ११ ला लागणारी सुरक्षेची चिप, बायोसमध्ये बंद होतं ते चालू करावं लागलं. म्हणजे नवीन घ्या पार्टीचे चाळीसेक हजार वाचले, त्यांनी अजून आभार मानलेले नाहीत.

अकाउंट बनवताना सेक्रेटरींचा पर्सनल मेल टाकू नका, निवडणूक झाली की वांधे होतील, सोसायटीच्या नावाचा वेगळा मेल करा हे पण त्यानेच सुचवलं. आणि नवीन ११ मध्ये नव्याने इन्स्टॉल केलं की ड्राइव्ह बरेचदा आपोआप एन्क्रिप्ट होते (म्हणजे कीशिवाय वाचता येत नाही), तिची रिकव्हरी की त्या अकाउंटमध्ये जाते, ती प्रिंट काढून शेअर सर्टिफिकेटच्या कपाटात ठेवायला लावली. बँकेचा आणि मेलचा पासवर्ड दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून बदला, या मशीनवर तोपर्यंत काही उघडू नका, हे दोनदा बजावलं.

आता तक्रारी. फोन उचलत नाहीत, अजिबात नाहीत, काम झालं का विचारायला शेवटी माणूस पाठवावा लागला आणि तेव्हा कळलं मशीन आदल्या दिवशीच तयार होतं. पहिल्या मजल्यावर गाळा, लिफ्ट नाही, बसायला एकच स्टूल आणि त्यावर कोणाचातरी प्रिंटर. बिल आधी साध्या चिठ्ठीवर दिलं, सोसायटीच्या ऑडिटला हे चालत नाही म्हटल्यावर तोंड वाकडं करून जीएसटीचं पक्कं बिल बनवलं, तेही सोसायटीचं नाव चुकवून, परत करून घेतलं. एक स्टार यासाठी गेला.

फक्त सीपीयूचा डबा न्या, मॉनिटर कीबोर्ड त्यांच्याकडे असतो. ग्रँट रोडला ईस्टला उतरा, चालत जाता येतं, पण टॉवर कॅबिनेट असेल तर सरळ टॅक्सी करा. रविवारी बंद.