कम्यून, सहनिवास की स्वतंत्र घर: ठरवण्याआधी काय पाहावं

कम्यूनमध्ये राहायला जायचा विचार मनात घोळत असेल, तर नेमकं कोणत्या प्रकारचं कम्यून ते आधी ठरवा, कारण या एका नावाखाली फार वेगवेगळ्या गोष्टी चालतात. एका टोकाला उत्पन्न एकत्र करणाऱ्या वस्त्या आहेत: कमाई सगळ्यांची, घरं सगळ्यांची, गाड्याही सगळ्यांच्या. मध्ये सहनिवास आहे. त्यात घर ज्याचं त्याचं असतं, पण मोठं स्वयंपाकघर, जेवणघर, अंगण सामायिक असतं. 1972 मध्ये डेन्मार्कमध्ये अशी पहिली आधुनिक वस्ती उभी राहिली आणि तिथून ही पद्धत जगभर गेली. आणि मग आपलं नेहमीचं, दार लावलं की आपलं असलेलं घर.

या तिघांत निवड करताना लोक बहुतेक वेळा तत्त्वांबद्दल बोलतात. मी त्याआधी दिवस कसा जातो ते विचारीन, आणि त्याहून आधी, उद्या निघायचं झालं तर काय, ते.

काम आणि पैसा

अमेरिकेत व्हर्जिनियामध्ये ट्विन ओक्स नावाचं कम्यून 1967 पासून चालू आहे. साधारण शंभर माणसं. प्रत्येकाने आठवड्याला सुमारे 40 तास काम करायचं आणि त्या बदल्यात राहणं, जेवण, कपडे, औषधपाणी हे सगळं कम्यूनने बघायचं. आकडा नोकरीसारखाच वाटतो, पण या तासांत काय मोजलं जातं ते बघा. विक्रीसाठी टोफू (सोयाबीनचं पनीर) बनवण्याचा एक तास आणि शंभर जणांची भांडी घासण्याचा एक तास, दोन्हींचं मोल सारखं. मुलं सांभाळणं, स्वयंपाक, भाजीच्या वाफ्यातली खुरपणी, सगळं त्यातच.

स्वतंत्र घरात 40 तासांची नोकरी संपली की दुसरी पाळी सुरू होते, आणि ती बहुतेक वेळा घरातल्या बाईच्या वाट्याला येते. तिची नोंद कुठेच नसते. माझ्या मते कम्यूनचं सगळ्यात मोठं आकर्षण हेच आहे. निसर्ग आणि साधी राहणी वगैरे पुढच्या गोष्टी.

किंमत मोजावी लागते ती रोख पैशात. हातात येतो फक्त किरकोळ खर्चापुरता भत्ता. बाहेर राहणाऱ्या आईवडिलांना पैसे पाठवायचे असतील, लांबचा प्रवास करायचा असेल, तर हा भत्ता पुरत नाही. गाडी हवी असेल तर आधी सांगून ठेवावं लागतं. ज्यांच्यावर बाहेर कोणी अवलंबून आहे, त्यांनी इथेच थांबून विचार करावा. सहनिवासात हा प्रश्न येत नाही, कारण नोकरी आणि पगार तुमचाच राहतो. अर्थात घराचा हप्ताही तुमचाच राहतो.

निर्णय कोण घेतं?

ट्विन ओक्समध्ये मतं मांडण्यासाठी एक फलक आहे. कोणी प्रस्ताव लिहून तिथे लावतं, मग येणारेजाणारे त्याखाली आपापलं म्हणणं लिहितात, त्याला उत्तरं येतात आणि कागद वाढत जातो. बैठकीत ज्यांचा आवाज उमटत नाही, त्यांना इथे जागा मिळते. ही व्यवस्था मला मनापासून आवडते. पण स्वतंत्र घरात जेवताजेवता दोन वाक्यांत मिटला असता, तो विषय इथे कित्येक दिवस रेंगाळू शकतो. चर्चेने ज्यांचा जीव दमतो, त्यांना कम्यून झेपणं कठीण.

ज्या वस्तीत लेखी नियमच नाहीत, तिच्यापासून जरा लांब राहा. ‘आमच्याकडे कोणी प्रमुख नाही’ हे ऐकायला छान वाटतं. प्रत्यक्षात तिथे जुन्या आणि ठासून बोलणाऱ्या माणसांचंच चालतं, आणि त्यांना जाब विचारायची सोय नसते.

भांडणाचंही तसंच. शेजाऱ्याशी बिनसलं तर स्वतंत्र घरात महिनाभर तोंड चुकवता येतं. कम्यूनमध्ये ज्याच्याशी संसार मोडला, तो माणूस रोज त्याच जेवणघरात समोर असतो.

मुलं

इस्रायलमधल्या किबुत्झांमध्ये, म्हणजे तिथल्या सामूहिक वस्त्यांमध्ये, अनेक दशकं मुलं आईवडिलांपासून वेगळी, बालगृहात झोपायची. पालकांनाच ते नकोसं झालं आणि 1990 च्या दशकापर्यंत ही पद्धत संपली. मुलांना अनेक मोठ्या माणसांचा सहवास मिळणं ही चांगली गोष्टच आहे, आणि ती सहनिवासातही मिळते. पण आपल्या लेकराच्या झोपेचं, शाळेचं, खाण्याचं शेवटी कोण ठरवणार, हे आत जाण्याआधी विचारा.

सोडून जायचं झालं तर

स्वतंत्र घर विकता येतं. सहनिवासातलंही विकता येतं, फक्त सामायिक जबाबदाऱ्या पत्करणारा गिऱ्हाईक शोधावा लागतो. उत्पन्न एकत्र करणाऱ्या कम्यूनमध्ये मात्र दहा वर्षं राबूनही जमिनीत किंवा घरात तुमच्या नावावर काही साठत नाही. पंचविशीत हे चालून जातं, पंचावन्नाव्या वर्षी नाही.

शिवाय कम्यून स्वतःच बदलू शकतं. अमेरिकेतल्या टेनेसीमधल्या ‘द फार्म’ या कम्यूनची सुरुवात 1971 ची. एके काळी तिथे हजारावर लोक होते. कर्ज डोईजड झालं आणि 1983 मध्ये सामायिक तिजोरी बंद करून प्रत्येकाने आपलं आपण कमवायचं ठरलं. बहुतेक जण निघून गेले. 1910 मध्ये वसलेलं पहिलं किबुत्झ देगानिया, तिथेही 2007 मध्ये कामाप्रमाणे वेगवेगळा पगार आला. याउलट न्यूयॉर्क राज्यातलं ओनायडा नावाचं जुनं कम्यून 1881 मध्ये मोडलं, तेव्हा त्याची कंपनी झाली आणि सदस्यांना समभाग मिळाले. मोडतानाही माणसं रिकाम्या हाती गेली नाहीत, ती लेखी वाटणीमुळे.

म्हणून माझं मत असं: तरुण असाल, मागे देणी नसतील आणि बाहेर थोडी शिल्लक ठेवता येत असेल, तर पूर्ण कम्यून काही वर्षं जरूर अनुभवावं. मुलं लहान असतील किंवा आईवडील तुमच्यावर अवलंबून असतील, तर सहनिवास बरा. एकटेपणा हाच मुख्य त्रास असेल, तरीही आधी सहनिवासच बघा, कारण शेजारपण त्यातही मिळतं आणि पैशाची सूत्रं हातात राहतात.

ट्विन ओक्स सदस्य होऊ पाहणाऱ्यांना आधी तीन आठवडे पाहुणा म्हणून राहायला लावतं. दुसरीकडे तशी अट नसली तरी तुम्ही ती मागा. सणासमारंभाचे दिवस सोडून, कामाच्या ऐन गर्दीत जा. एका बैठकीला बसा, हिशेब पाहू द्या म्हणा, आणि गेल्या काही वर्षांत सोडून गेलेल्या दोघातिघांशी बोलायला मिळेल का, ते विचारा. चांगली वस्ती अशा माणसांशी गाठ घालून द्यायला कचरत नाही.