आधी ब्रीदर, मग स्नॉर्केल: लांबवलेल्या ब्रीदरचा काही महिन्यांचा अनुभव

गाडी पाण्यात घालायची असेल तर स्नॉर्केलच्या (इंजिनासाठी छताजवळून हवा घेणाऱ्या नळीच्या) आधी ब्रीदर, म्हणजे एक्सल आणि गिअरबॉक्सच्या आतल्या हवेला ये-जा करू देणारं छोटं तोंड, नळी लावून वर घ्या, हे माझं मत बसवतानाही होतं आणि इतके महिने वापरल्यावर ते पक्कं झालंय. इंजिनात पाणी जायला पाणी बॉनेटपर्यंत चढावं लागतं. एक्सल बुडायला अर्धं चाक पाण्यात गेलं की पुरे, आणि मूळ ब्रीदरची टोपी एक्सलच्या नळीवर जेमतेम दोन बोटं वर असते. म्हणजे ज्या ओढ्याला आपण किरकोळ समजतो, त्यातही ती बुडते.

माझ्या गाडीला पुढे-मागे दोन्हीकडे सॉलिड एक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच ताठ आस) आहेत, मॅन्युअल गिअरबॉक्स आणि वेगळी ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या एक्सलना ताकद वाटून देणारी पेटी). चारही ठिकाणांहून नळ्या काढून बॉनेटखाली फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर) एका छोट्या ब्लॉकमध्ये आणल्यात आणि ब्लॉकवर एकच फिल्टर आहे.

हे करायचं कशासाठी? डिफ्रन्शियलचं (एक्सलच्या मधल्या, चाकांना ताकद देणाऱ्या गिअरच्या गोळ्याचं) हाउसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, सगळीकडून बंद असतं. चालून चालून आतली हवा तापते, फुगते आणि ब्रीदरमधून थोडी बाहेर पडते. अशी तापलेली गाडी पाण्यात उतरली की हाउसिंग झटक्यात थंड व्हायला लागतं. आतली हवा ९० अंशांवरून २५ अंशांवर आली तर तिचं आकारमान साधारण १८ टक्क्यांनी घटतं. तेवढी पोकळी भरायला बाहेरून काहीतरी ओढलं जाणारच, आणि त्या वेळी बाहेर पाणीच असतं. मूळ टोपीत बारीक स्प्रिंगचा एकतर्फी व्हॉल्व्ह असेल तर तो पाणी अडवतो खरा, पण हवाही आत घेत नाही. मग ओढ लागते ती ऑइल सीलला. सीलची रचना ऑइल आत धरण्यासाठी असते, बाहेरचं पाणी रोखण्यासाठी नव्हे. शिवाय टोपीत चिखल वाळला की व्हॉल्व्ह अडकतो. उघडा अडकला तर पाणी आत. बंद अडकला तर आतला दाब ऑइलला सीलमधून बाहेर ढकलतो, आणि मागे ड्रम ब्रेक असतील तर ते ऑइल थेट ब्रेक लायनरवर.

बसवताना जुनी टोपी खोलणं सोपं, आटे जुळवणं अवघड. टोपी काढण्याआधी भोवतीची माती ब्रशने आणि हवा मारून साफ करा, कारण तिथून पडलेला खडा सरळ क्राऊन-पिनियनमध्ये (डिफ्रन्शियलच्या मुख्य गिअरच्या जोडीत) जातो. १/८ इंची बीएसपी (ब्रिटिश) आणि १/८ इंची एनपीटी (अमेरिकन) हे पाइपचे आटे दिसायला सारखेच. एकाला इंचाला २८ आटे, दुसऱ्याला २७. चुकीचं फिटिंग पहिले दोन-तीन फेरे मुकाट्याने जातं आणि मग जाम होतं. तिथे पाना लावून जोर केलात तर हाउसिंगचे आटे गेले. काही गाड्यांत आटे मेट्रिक असतात, काहींत ब्रीदर नुसता ठोकून बसवलेला असतो. तेव्हा किट घेण्याआधी आपला ब्रीदर काढून हातात घेऊन बघा.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो मागच्या एक्सलच्या नळीला. चेसिस स्थिर असते, एक्सल वर-खाली होतो, तिरका होतो, आणि या दोघांमधला नळीचा तुकडा प्रत्येक खड्ड्यात वाकतो. चेसिस जॅकवर घेऊन चाकं पूर्ण लोंबकळत सोडली, मग एकच चाक वर उचलून पाहिलं, आणि त्या दोन्ही स्थितींत नळी ताणली जाणार नाही एवढी ढील ठेवली. एक्सलकडे जाणारा ब्रेकचा लवचीक पाइप कुठून नेलाय ते बघा. ढिलीचं हे कोडं कंपनीने तिथे आधीच सोडवलेलं असतं. त्याच्या वाटेने जा, पण नळी त्याला बांधू नका, घासून ब्रेक पाइप कापला जाईल. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असेल तर तिथलं डिफ्रन्शियल जागचं फारसं हलत नाही, त्यामुळे हा व्याप फक्त मागे.

दुसरी गोष्ट म्हणजे चढ. नळी एक्सलपासून फिल्टरपर्यंत वर-वरच जायला हवी. मध्ये कुठे झोळ राहिला तर ऑइलची वाफ आणि दमटपणा तिथे साचतो आणि तोच बूच बनतो. केबल टाय आवळून नळी चपटी करू नका. सायलेन्सरपासून लांब, प्रोपेलर शाफ्टपासून त्याहून लांब.

सगळं झाल्यावर तपासायला फिलर प्लग उघडायचा आणि नळीच्या वरच्या टोकातून तोंडाने फुंकायचं. हवा प्लगच्या भोकातून आली की वाट मोकळी. कॉम्प्रेसर लावू नका. बंद हाउसिंगमध्ये तेवढा दाब गेला तर चांगले सीलही फाटतील.

आता वापराबद्दल. पाण्यातून जाऊन आल्यावर, गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी ड्रेन प्लग जरासा सैल करून पाहायची सवय लावलीय. पाणी ऑइलपेक्षा जड, ते तळाशी बसतं, आधी तेच टपकतं. अजून एकदाही पाणी आलेलं नाही, आणि फिलर प्लगमधून बोट घालून पाहिलं तर ऑइल दुधाच्या चहासारखं झालेलं नाही. अनपेक्षित फायदा पिनियन सीलचा (प्रोपेलर शाफ्ट डिफ्रन्शियलमध्ये शिरतो तिथल्या सीलचा). तिथे कायम ओलसर चिकटा असायचा आणि मी सील बदलायच्या विचारात होतो. ब्रीदर मोकळा झाल्यापासून ती जागा कोरडी आहे. दोष सीलचा नव्हताच, आतल्या दाबाचा होता.

पण याच्याकडून नको त्या अपेक्षा ठेवू नका. ब्रीदर पोकळी घालवतो, पाण्याचा स्वतःचा दाब नाही. अर्धा मीटर खोलीवर तो ०.०५ बार असतो आणि झिजलेल्या सीलला तेवढा पुरतो. पुढच्या चाकांच्या बेअरिंगचं ग्रीस मला एकदा बदलावंच लागलं, तिथे पाणी हबच्या सीलमधून गेलं होतं. गिअरबॉक्सचंही तसंच: नळी गिअरबॉक्सच्या आतल्या हवेची सोय करते, क्लचच्या हाउसिंगची नाही. जुन्या लँड रोव्हर डिफेंडरला फ्लायव्हील हाउसिंगसाठी वेगळा वेडिंग प्लग (पाण्यात उतरण्याआधी हाउसिंगचं खालचं भोक बंद करायचं बूच) असतो तो याचसाठी. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर मात्र ही नळी टाळूच नका. आतल्या क्लच प्लेटच्या अस्तराला पाणी अजिबात सोसत नाही.

फिल्टर धातूच्या सच्छिद्र कणांचा घ्या. पेट्रोलचा कागदी फिल्टर स्वस्तात मिळतो, पण ऑइलच्या वाफेने भिजला की हवा नीट सोडत नाही. माझा धातूचा फिल्टर धुळीने एकदा गच्च झाला होता. डिझेलमध्ये धुऊन परत लावला. फिल्टरपाशी ऑइल दिसायला लागलं तर आधी पातळी जास्त भरलीय का बघा. हवेवर चालणारा डिफ लॉक (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारी कळ) असेल तर त्याच्या गळक्या ओ-रिंगमधली (रबरी कडीमधली) हवाही ऑइल असंच वर फेकते.

ट्रान्सफर केसची नायलॉन नळी सायलेन्सरच्या बाजूने कडक व्हायला लागलीय. वाकवली की तिथे मोड पडतो आणि मोड पडला की वाट बंद. पुढच्या सर्व्हिसला तेवढा तुकडा नायट्राइल रबराच्या इंधन पाइपने बदलणार आहे. बाकीच्या तीन नळ्या लावल्या तशा आहेत.