पीजी-डंप, आठ महिन्यांनंतर: डंप गुणी, पाइप घातकी

पोस्टग्रेस या डेटाबेसचा बॅकअप (डंप) काढणाऱ्या पीजी-डंप या प्रोग्रॅमबद्दल तक्रार तशी नाही. फुकट आहे आणि चालू डेटाबेस बंद न करता सुसंगत डंप देतो. वैताग आहे तो क्रॉनमधल्या (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या सोयीतल्या) त्या एका ओळीचा: पीजी-डंप, त्याचं आउटपुट पुढच्या प्रोग्रॅमला देणारा पाइप, फाइल आकुंचित करणारा जीझिप, आणि शेवटी फाइल.

पासवर्ड बदलला आणि पीजी-डंप पहिल्याच सेकंदाला मेला, तरी ही ओळ चालवणारं शेल बघतं फक्त शेवटच्या जीझिपचा एक्झिट कोड. तो शून्य, म्हणजे ‘सगळं ठीक’. फाइल बनते, नावात आजची तारीख असते आणि आकार २० बाइट! रिकाम्या इनपुटचं जीझिप तेवढंच भरतं. त्यात ‘सात दिवसांपेक्षा जुन्या फाइली उडवा’ ही ओळ असली, की आठवड्याभरात चांगले डंप साफ आणि उरतात नुसत्या २०-२० बाइटच्या टरफलांच्या फाइली. एरर क्रॉनच्या मेलमध्ये येते म्हणे. ती मेल उघडतं कोण?

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेचा डेटा उडाला, तेव्हा तिच्यावर असंच शेकलं. सर्व्हर पोस्टग्रेस ९.६ चा, पण चालत होता जुन्या ९.२ आवृत्तीचा पीजी-डंप. तो नव्या सर्व्हरला रोज नकार देत होता आणि इशाऱ्याच्या मेल डीमार्क या मेल-तपासणीमुळे पोचतच नव्हत्या. शेवटी डिस्कच्या सुमारे सहा तास जुन्या स्नॅपशॉटवर (त्या क्षणाच्या प्रतीवर) भागवावं लागलं.

तेव्हा बॅश शेलमध्ये पाइपफेल लावा, म्हणजे पाइपमधला कुठलाही प्रोग्रॅम मेला तरी कोड शून्य येत नाही. त्याहून बरं म्हणजे पाइपच काढा. पीजी-डंपचा कस्टम फॉरमॅट स्वतःच कॉम्प्रेस करतो.

कस्टम फॉरमॅटच्या फाइलीतल्या टेबलांची वगैरे यादी पीजी-रिस्टोरने (डंप परत भरणाऱ्या प्रोग्रॅमने) निघाली की काम झालं, असं सुरुवातीला मत होतं. ते मागे घेतो. यादी फाइलच्या सुरुवातीला असते. अर्धी फाइल कापून टाकली तरी ती अख्खी दिसते. पीजी-रिस्टोरचं आउटपुट डेव्ह-नलला (सगळं गिळून टाकणाऱ्या खोट्या फाइलीला) दिलं तर निदान सगळा डेटा वाचला जातो, पण खात्री हवी तर रिकाम्या डेटाबेसमध्ये रिस्टोरच करावं लागतं.

तिथे पहिली ठेच रोलची, म्हणजे डेटाबेसच्या वापरकर्त्यांची. पीजी-डंप रोल घेत नाही. त्यासाठी पीजी-डंपऑल हा वेगळा प्रोग्रॅम, ‘फक्त ग्लोबल्स’ हा पर्याय लावून. पीजी-रिस्टोरला ‘एररवर थांब’ सांगा, नाहीतर तो पुढे रेटतो आणि शेवटी ‘इतक्या एरर दुर्लक्षित’ म्हणतो. साधी एसक्यूएल फाइल पीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या कमांड-प्रोग्रॅममधून भरलीत तर आणखी वाईट: ऑन-एरर-स्टॉप ही सेटिंग नसेल तर एररनंतरही कोड शून्यच. पीजी-रिस्टोरला वेगासाठी एकाच वेळी चालणारे चार जॉब लावले तर सगळं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं होईल नाहीतर काहीच नाही, असं) करता येत नाही, एक काहीतरी निवडा. रिस्टोरमध्ये इंडेक्स (शोध वेगवान करणाऱ्या सूच्या) नव्याने बांधले जातात, म्हणून डंपच्या वेळेवरून रिस्टोरचा अंदाज बांधू नका; घड्याळ लावून मोजा. मग अ‍ॅनलाइझ (टेबलांची आकडेवारी गोळा करणारी कमांड) चालवा आणि मुख्य टेबलातली शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे ते पाहा.

या रिस्टोर-चाचणीसाठी क्लाउडवर वेगळी मशीन कशाला? पडून असलेला डेस्कटॉप महिन्यातून एकदा पुरतो, डिस्क मोठी असली म्हणजे झालं. आणि आजची फाइल कालच्या निम्म्याहून लहान निघाली तर स्क्रिप्टने जुनं काही पुसायचं नाही, थेट फोनवर मेसेज टाकायचा. मेल नको.