जेएसटी: लष्करी मेडिकच्या क्रेडिटचा कागद कितपत चालतो

अमेरिकी लष्करात मेडिक म्हणून शिकलेल्या माणसाला पुढे पदवी घ्यायची झाली की पहिला कागद लागतो तो जॉइंट सर्व्हिसेस ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे जेएसटी. तो फुकट मिळतो, कॉलेजला पाठवायलाही पैसे पडत नाहीत, आणि आर्मी, नेव्ही, मरीन व कोस्ट गार्ड यांच्या प्रशिक्षणाची नोंद एकाच नमुन्यात मिळते. इथपर्यंत तक्रारीला जागा नाही. पण यावरचे आकडे बेरीज करून ‘इतके क्रेडिट झाले’ असं धरलं तर हिशेब कोसळतो. जेएसटीवर असतात त्या क्रेडिटच्या शिफारशी. अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन, थोडक्यात एसीई, ही संस्था प्राध्यापकांकडून लष्करी अभ्यासक्रम तपासून घेते आणि अमुक विषयाला इतके सेमिस्टर तास द्यावेत असं सुचवते. द्यायचे की नाही, हे कॉलेज ठरवतं.

हवाई दलातल्यांनी जेएसटीवर वेळ घालवू नये. त्यांच्यासाठी कम्युनिटी कॉलेज ऑफ द एअर फोर्स आहे. 1972 साली सुरू झालेलं, मान्यताप्राप्त आणि स्वतः असोसिएट (दोन वर्षांची) पदवी देणारं. त्याचं ट्रान्सक्रिप्ट म्हणजे एका कॉलेजने दुसऱ्या कॉलेजला पाठवलेलं ट्रान्सक्रिप्ट, त्यामुळे रजिस्ट्रारला ते ओळखीचं वाटतं. मेडिकसाठी आणखी एक वाट आहे: युनिफॉर्म्ड सर्व्हिसेस युनिव्हर्सिटीचं कॉलेज ऑफ अलाइड हेल्थ सायन्सेस. सॅन अँटोनिओतल्या फोर्ट सॅम ह्यूस्टनवरच्या मेटक या संयुक्त वैद्यकीय प्रशिक्षण केंद्रातले ठरावीक अभ्यासक्रम त्याच्याशी जोडलेले आहेत. आपला अभ्यासक्रम त्यात बसत असेल तर आधी तिथलं ट्रान्सक्रिप्ट मागवा, जेएसटी त्यानंतर.

आता खुद्द कागद. जेएसटी हातात आल्यावर पाठवण्याआधी नीट वाचा. बहुतेकांची चूक इथे होते. प्रत्येक नोंदीसमोर विषय, तास आणि स्तर असतो. एल म्हणजे पदवीच्या पहिल्या दोन वर्षांचा स्तर, यू म्हणजे वरच्या दोन वर्षांचा, व्ही म्हणजे व्यावसायिक प्रमाणपत्राचा. पदवीच्या कॉलेजात व्ही सहसा चालत नाही आणि मेडिकच्या नोंदींत यू मोजकेच सापडतात. पदवीला वरच्या स्तराचे ठरावीक तास सक्तीचे असल्यामुळे, एलचा ढीग कितीही मोठा असला तरी शेवटची दोन वर्षं फारशी आखडत नाहीत.

दुसरी गोम दुबार नोंदीची. आर्मीच्या कॉम्बॅट मेडिकचं (हुद्द्याचा संकेत 68डब्ल्यू) प्रशिक्षण साधारण 16 आठवड्यांचं, आणि त्याच्या पहिल्या टप्प्यात राष्ट्रीय नोंदणीची ईएमटी, म्हणजे आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञाची, परीक्षा. जेएसटीवर हे ज्ञान एकदा अभ्यासक्रम म्हणून येतं आणि पुन्हा हुद्द्याच्या अनुभवाखाली. कॉलेज ते एकदाच मोजतं. शिवाय शिफारशी तारखेला बांधलेल्या असतात: एकाच नावाचा अभ्यासक्रम वेगळ्या वर्षी केलेल्या दोघांना वेगळे तास दाखवले जाऊ शकतात. मित्राचा आकडा पाहून रजिस्ट्रारशी वाद घालण्यात अर्थ नाही. एसीईच्या मिलिटरी गाइडमध्ये, म्हणजे या शिफारशींच्या सूचीत, आपली तारीख कोणत्या नोंदीत पडते ते पाहा. विषयाचा तपशीलही तिथेच मिळतो आणि तोच पुढे कामी येतो.

नोंद गायब असेल तर ती संकेतस्थळावर आपल्या हाताने भरता येत नाही. माहिती दलाच्या नोंदींतून येते, म्हणून दुरुस्तीसाठी अभ्यासक्रमाचं प्रमाणपत्र आणि सेवा संपली असल्यास डीडी 214 या सेवामुक्तीच्या दाखल्याची प्रत जोडावी लागते. तुकडीत घेतलेले छोटे वर्ग, ज्यांचं एसीईने मूल्यांकन केलेलं नाही, ते ‘इतर शिक्षण’ या सदरात पडून राहतात. त्यांना तास नसतात.

कॉलेजचं ‘42 क्रेडिट स्वीकारले’ असं पत्र आलं तरी हुरळून जाऊ नका. विचारायचा प्रश्न एकच: यातले किती माझ्या पदवीच्या सक्तीच्या विषयांत गेले? उरलेले मुक्त ऐच्छिक विषयांच्या पेटीत टाकलेले असतात, आणि ती पेटी भरली की पुढचे वाया. नर्सिंगमध्ये हे सर्वाधिक बोचतं. शरीररचना व शरीरक्रिया या विषयाला प्रयोगशाळेसह दोन सत्रं मागितली जातात आणि लष्करी अभ्यासक्रमात तो विषय विखुरलेला असल्याने तिथे बसवणं अवघड जातं. अशा वेळी रजिस्ट्रारकडे न जाता त्या विषयाच्या विभागप्रमुखाकडे जावं. मिलिटरी गाइडमधला तपशील आणि त्यांच्याच विषयाचा अभ्यासक्रम शेजारी ठेवून ‘या विषयाऐवजी हा’ अशी लेखी मागणी करावी.

मात्र विज्ञानाच्या विषयांत माफी मिळवणं नेहमी शहाणपणाचं नसतं. जेएसटीवर श्रेणी नसते, त्यामुळे जीपीए, म्हणजे श्रेणींची सरासरी, हलत नाही; नर्सिंगचा प्रवेश विज्ञानाच्या जीपीएवर ठरत असेल तर तो विषय वर्गात बसून चांगल्या श्रेणीने करणं जास्त फायद्याचं. फिजिशियन असिस्टंट, म्हणजे डॉक्टरच्या जोडीने रुग्ण तपासणारे, यांच्या शाळांचंही तेच. हा व्यवसाय 1965 मध्ये ड्यूक विद्यापीठात नेव्हीच्या माजी कोअरमनना (नेव्हीतल्या मेडिकना) घेऊनच सुरू झाला आणि मेडिकच्या अनुभवाला तिथे अजूनही मान आहे, पण रसायनशास्त्रातून सुटका नाही. क्ष-किरण तंत्रज्ञांना तर तास गोळा करावेच लागतात: 1 जानेवारी 2015 पासून एआरआरटी या त्यांना प्रमाणित करणाऱ्या संस्थेच्या पहिल्या प्रमाणपत्रासाठी किमान असोसिएट पदवी लागते.

पैशाची बाजू सहसा कोणी सांगत नाही. जीआय बिलावर, म्हणजे लष्करी सेवेबद्दल मिळणाऱ्या सरकारी शिक्षणखर्चावर, शिकणाऱ्याचं आधीचं लष्करी शिक्षण तपासणं कॉलेजला बंधनकारक आहे, म्हणजे जेएसटी लपवून चालणार नाही. पण व्हीए, म्हणजे माजी सैनिकांचं सरकारी खातं, पैसे देतं ते पदवीला लागणाऱ्या विषयांचेच. ऐच्छिक पेटी जेएसटीने भरली की सत्र पूर्ण करायला हलका विषय सहसा जोडता येत नाही. विषयांचा भार कमी झाला की पोस्ट-9/11 जीआय बिलाचा घरभत्ता घटतो आणि निम्म्यावर आला की बंद. सरकारी कर्ज-अनुदानाला पदवीच्या एकूण क्रेडिटच्या 150 टक्क्यांची मर्यादा असते आणि स्वीकारलेले क्रेडिटही तीत मोजले जातात. तेव्हा मूल्यांकन हाती आल्यावर उरलेल्या प्रत्येक सत्रात किती सक्तीचे विषय पडतात, याचा तक्ता सल्लागाराकडून पहिल्याच सत्रात लिहून घ्या.

पाठवताना कॉलेजचं नाव यादीतून निवडून संकेतस्थळावरूनच पाठवा. स्वतः छापून नेलेली प्रत अधिकृत धरत नाहीत. पाठवल्यानंतर नवं प्रशिक्षण झालं तर ते कॉलेजकडे आपोआप पोचत नाही, पुन्हा पाठवावं लागतं.